भामानं दार उघडलं नाही

“पण माझं चुकलं कुठं, ते तरी सांगाल की नाही?”

शाल्मलीनं आपलं पुस्तक तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. नवं कोरं, गुलाबी मुखपृष्ठाचं. शंभर वर्षांपूर्वीची एक गाजलेली कादंबरी तिनं उचलून आजच्या पुण्यात आणून बसवली होती. तिच्या पुस्तकात नायिका भामा बँकेत नोकरी करत होती, दूर गेलेला तिचा माधव विमानानं परत येत होता आणि शेवटी दोघांचं लग्न थाटामाटात लागत होतं.

“गोड आहे,” असं म्हणून वाचक विसरून गेले. शाल्मलीला ते फार लागलं. कुणी टीका केली असती तर ती भांडली असती. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

म्हणून ती नदीकाठच्या मठात आली होती. चाळीस वर्षं तिथं पोथी वाचणाऱ्या तात्यांनीच तिला लहानपणी वाचायची गोडी लावली होती. पुन्हा लिहायचं की लेखणी कायमची खाली ठेवायची, हे ठरल्याशिवाय उठायचं नाही, असा तिचा पक्का निश्चय होता.

तात्यांनी विचारलं, “मूळ कादंबरी वाचलीस?”

“वीस वेळा. तोंडपाठ आहे.”

“मोठ्यानं?”

“...नाही.”

तात्यांनी फडताळातून ती जुनी कादंबरी काढली आणि शेवटचा अध्याय उघडून दिला.

“वाच. मठाचा रिवाज ठाऊक आहे ना? अध्याय पुरा झाल्याशिवाय वाचणाऱ्यानं उठायचं नाही.”

त्यात काय मोठंसं! शाल्मलीनं खणखणीत आवाजात सुरुवात केली. माधव बारा वर्षांनी येतो. अंगणातून हाक मारतो. आत भामा दळत बसलेली. तिचा हात थांबतो... मग जातं पुन्हा फिरू लागतं.

शाल्मली त्या ओळीवरच अडली.

“पुढं,” तात्या म्हणाले.

ती पाणी प्यायली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा त्याच ओळीवर अडलं. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. पण माघार घेईल ती शाल्मली कसली! तिसऱ्यांदा तिनं रडू गिळत गिळत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माधव उंबऱ्यापासून परत फिरला. भामा उठली नाही.

शाल्मलीनं कादंबरी मिटून समोर ठेवली.

“तात्या, बारा वर्षं वाट पाहिली हो तिनं! मग दार का नाही उघडलं?”

तात्यांनी कादंबरी उचलून परत फडताळात ठेवली.

“सांगा ना. मला खरंच कळत नाही.”

“तुझं पुस्तक लिहिताना कळलं होतं?”

शाल्मलीनं मान खाली घातली. “तेव्हा... असा प्रश्नच पडला नव्हता.”

तात्यांनी कोऱ्या कागदांची चळत तिच्यापुढं सरकवली.

“बस मग लिहायला.”