खेकड्याच्या पुस्तकाच्या चिंध्या

बालवाडीतून निवृत्त झाल्यावर शैलजाबाई ढवळ्यांनी 'खेकड्याची चप्पलखरेदी' हे पहिलं पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, म्हणून स्वतःच छापलं आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला दिली. वाचनालयाचे अध्यक्ष आणि सभासद क्रमांक एक म्हणजे बापूसाहेब मुळ्ये. तेही लेखक, निदान ते स्वतः तसं सांगत.

वार्षिक सभेत बापूसाहेबांनी ते पुस्तक दोन बोटांत धरून उंचावलं. कव्हर फाटलेलं, पानं सुटलेली, खेकड्याच्या पाठीवर आमरसाचा डाग.

"घरच्या घरी पुस्तकं काढली की हे असं होतं! सहा महिन्यांत चिंध्या! आणि हे माझं पाहा. मोठ्या प्रकाशकाचं. बारा वर्षं झाली, अजून कोरं करकरीत! असली हौशी पुस्तकं यापुढे इथे नकोत, असा मी ठराव मांडतो."

शैलजाबाई हसतच उठल्या.

"शिलाई कच्ची आहे, कबूल. ठरावाआधी फक्त एक करा. पुस्तक कुणी कधी नेलं, त्याची चिठ्ठी मागे डकवलेली असते ना? दोन्ही पुस्तकांची वाचून दाखवा."

ग्रंथपालांनी चष्मा लावला. खेकड्याची पहिली चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी डकवली होती, तीही भरत आली होती. बापूसाहेबांच्या चिठ्ठीवर मात्र एकच नोंद होती.

"सभासद क्रमांक एक," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

सभा खो खो हसली. ठराव तिथेच राहिला.

"बापूसाहेब, तुमचं पुस्तक आज मी घरी नेते," शैलजाबाई म्हणाल्या. "नातीला सांगते, जरा जुनं करून दे."