पान आणि मात्रा

ही गोष्ट पार जुन्या काळची. तेव्हा वैद्य व्हायचं तर डोंगरापलीकडच्या विद्यापीठातच जावं लागे.

तिथले आचार्य मोठे विद्वान. काय शिकवायचं, केव्हा शिकवायचं, सगळं ते एकटेच ठरवत. वनस्पती ते बरणीतल्या वाळक्या पाल्यावरून शिकवत. त्यात त्यांची सोयही होती, चिखल तुडवायला नको!

"आचार्य, एकदा आम्हाला रानात न्या ना," इरावती नावाची शिष्या म्हणे.

"तू इथे शिकायला आलीस की मला शिकवायला?" असं म्हणून ते तिला गप्प करत.

एक दिवस तिथूनच शिकून गेलेला एक वैद्य मान खाली घालून परत आला. त्याच्या गावात एका बाईला ताप चढला होता. औषधी झुडूप शोधत तो रानोमाळ फिरला. ते तिच्याच अंगणात हिरवंगार उभं होतं, पण हिरवं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. औषधाला उशीर झाला. बाई वाचली, पण कायमची बहिरी झाली.

आचार्यांच्या मनाला ते फार लागलं. पण चूक कबूल करणं जिवावर आलं. रागाच्या भरात ते शिष्यांना म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा काय शिकायचं ते!"

शिष्यांना आयतंच फावलं. त्यांनी रानातले धडे घेतले आणि कोणतं औषध किती द्यायचं त्या मात्रांचं कंटाळवाणं पाठांतर काढून टाकलं. हे चुकतंय, हे आचार्यांना दिसत होतं. तरी ते फुगून गप्प बसले.

पुढे आचार्यांनाच तो ताप आला. इरावती धावत जाऊन पाला घेऊन आली, अगदी बरोबर ओळखून! पण ओंजळ धरून ती तशीच उभी राहिली.

"आचार्य, किती पानं देऊ? कमी पडली तर गुण नाही, जास्त झाली तर विष. आम्हाला ठाऊक नाही हो!" तिला रडू फुटलं.

आचार्यांची शुद्ध हरपत चालली होती. आपलं गप्प बसणं आपल्याच जिवावर बेतलंय, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी कसाबसा हात उचलला आणि तीन बोटं दाखवली.

बरे झाल्यावर त्यांनी शिष्यांना पहिल्यांदाच आपल्या शेजारी बसवलं. "बरणी मला सोपी होती, म्हणून मी रान टाळलं. मात्रा तुम्हाला अवघड होत्या, म्हणून तुम्ही त्या गाळल्या. आता बोला."

खूप वाद झाले. शेवटी ठरलं, सकाळी रान आणि संध्याकाळी मात्रा. चिखलात सगळ्यांत पुढे आचार्य चालू लागले, आणि पाठांतर चुकलं की इरावतीच इतरांना दटावू लागली.

तात्पर्य : शिकवणारा आणि शिकणारा मिळून ठरवतात, तोच अभ्यास वेळेला उपयोगी पडतो.