टँकरचे पाणी आणि गाळाची विहीर

एकदा एका तरुणाने साऱ्या गावाला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर त्याला कोणीच दिले नाही. त्याचा थोरला भाऊ सुहास आखातात कामाला होता. तिथेच तो वारला, आणि शवपेटीतून घरी आला. तेराव्याला जेवणाची पाने मांडलेली असताना धाकटा बाबल उभा राहिला आणि म्हणाला, "दादानं इतकी वर्षं घरात पाणी पाठवलं. मग तो गेल्याबरोबर घर कोरडं कसं पडलं?"

वहिनीने मान खाली घातली. काका म्हणाले, अशा वेळी असे बोलू नये. सरपंचांनी सुहासच्या दानशूरपणाची आठवण काढली. बाबल चौथीत शाळा सोडलेला, पण आपल्याला टाळले जाते आहे एवढे त्याला कळत होते. तो न जेवताच निघून गेला.

ते गाव खाडीवरच्या खडकाळ चढावर होते, आणि साऱ्या गावाला मिळून एकच विहीर. दर चैत्रात घरटी एक माणूस यायचा, एकजण तळाशी उतरायचा, बाकीचे टोपल्या हातोहात वर द्यायचे, आणि गाळ निघाला की झरे मोकळे व्हायचे. सुहास परदेशी गेला त्या वर्षी त्याने आपल्या वाट्याच्या श्रमाचे पैसे पाठवले. लोकांना त्याचे कौतुक वाटले. पुढच्या चैत्रात आणखी काही घरांनी तसेच केले. हळूहळू ज्यांची माणसे गावातच होती, त्यांनाही चिखलात उतरणे कमीपणाचे वाटू लागले. तीही पैसेच देऊ लागली. एका वर्षी वर्गणी भरपूर जमली आणि टोपली धरायला कोणीच आले नाही. जमलेल्या पैशांतून मग विहिरीच्या कठड्याला चकचकीत फरश्या बसल्या, वर लोखंडी जाळी आली, बालदीपुरती झडप ठेवली गेली, आणि देणगीदारांच्या नावांत सुहासचे नाव सर्वांत वर कोरले गेले. गाळ तळाशी तसाच राहिला, आणि झरे बुजले. चढ चढून विकतच्या पाण्याचे टँकर येऊ लागले; बाबलच्या घरी ते सुहासच्या पैशांवर येत.

आता सुहासच्या घरी टँकर येणार नव्हता. कंपनीने कळवले होते की धाकट्याला त्याच कामावर घेऊ. बाबलने जावे की राहावे, हे त्याला सुचत नव्हते. गेला तर वहिनीने दुसऱ्या पेटीची वाट पाहायची. राहिला तर तिच्या पोरींना प्यायला काय द्यायचे?

दुसऱ्या दिवशी तो घण घेऊन विहिरीवर गेला. भावाचे नाव फोडायचे, एवढेच त्याच्या डोक्यात होते. समोरच त्याचे जुने मास्तर राहत. त्यांनी ओट्यावरून पाहिले आणि शांतपणे म्हटले, "फोड. पण थोडं थांब, माझा टँकर येतोय."

टँकर आला, तेव्हा मास्तरांनी नळी घरच्या टाकीत न सोडता विहिरीत सोडायला लावली.

ड्रायव्हर हसला. "मास्तर, पुढची खेप खाडीत ओतू का?"

"ती पुढे बघू," मास्तर म्हणाले.

बाबलला राग आला. घरोघरी घागरी रिकाम्या असताना हा म्हातारा पाणी उधळतो आहे, असे त्याला वाटले. दुसऱ्या सकाळी मास्तरांनी त्याला बालदी सोडायला सांगितली. वर आला तो नुसता चिखल.

"एवढं पाणी गेलं कुठे?" बाबलने विचारले.

मास्तर म्हणाले, "गाळानं पिऊन टाकलं. बाबल, तुझ्या भावाचं पाणी खोटं नव्हतं. त्याच्यावर तुमच्या घरची पोरं वाढली, तुझ्या आईचं आजारपण निभावलं. पण वरून ओतलेल्या पाण्यानं खालचा झरा सुटत नाही. त्याला माणूस लागतो, आणि माणसाच्या जागी आपण पैसे ठेवले. सुहासनं ठेवले ते नाइलाजानं. आम्ही इथं असून ठेवले."

"म्हणजे दादा चुकला?"

मास्तरांनी धोतर खोचले.

"मग मी जाऊ की राहू?"

मास्तर आत गेले आणि माळ्यावरची जुनी टोपली काढून घेऊन आले.

बाबलने घण उचलला. पण नावाच्या फरशीवर न घालता त्याने तो जाळीवर घातला. आवाजाने लोक बाहेर आले. कोणी ओरडले, कोणी नुसते पाहत राहिले. शिडी लावून तो खाली उतरला. पहिली टोपली घ्यायला वहिनी पुढे आली. तिच्यामागे मास्तर, आणि संध्याकाळपर्यंत आणखी काहीजण. रोज थोडा गाळ निघत होता. शेवटी एका कोपऱ्यात पाणी पाझरले, बोट बुडेल इतकेच.

तेवढ्या पाण्यावर घर चालत नव्हते, म्हणून बाबलला जावेच लागले. आपण बरोबर करतो आहोत की दादासारखेच, हे त्याला जातानाही उमगले नव्हते. चढाखाली त्याला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजत होता. त्याने भरलेली टोपली वहिनीच्या हातात दिली, चिखलाचे पाय तसेच चपलांत सरकवले, आणि शिडी मात्र वर ओढून घेतली नाही. पुढे उतरणाऱ्यासाठी ती त्याने विहिरीतच उभी ठेवली.