जैतूनचा होकार

“पण तिनं मान हलवली, हे पाहिलं कुणी?” फकीर शाह बुऱ्हाण यांनी विचारलं.

“मी पाहिलं, हजरत. दोन साक्षीदारांनीही.”

इद्रिस नुकताच कसब्याच्या काझीचा नायब झाला होता. नवी पगडी अजून डोक्यावर धड बसत नव्हती, ऐट मात्र बसली होती. विणकराच्या मुलीचा, जैतूनचा, आज निकाह. तो पढवण्याआधी आपल्या या उस्तादांची दुआ घ्यायला इद्रिस आला होता. खरं तर त्याला शाबासकी हवी होती.

“मुलीला विचारल्याशिवाय निकाह नाही, असा शरियतचा हुकूम. मी तीनदा विचारलं.”

“पडद्याबाहेरून?”

“तशी रीतच आहे. पडद्यावर सावली दिसली. मान खाली गेली.”

“बोलली काही?”

“लाजली असेल.”

फकीर लसूण सोलत होते. त्यांनी हात पुसले.

“इद्रिस, नायबगिरी सोडून उद्यापासून इथं लसूण सोलायला येशील?”

इद्रिस हसला. म्हाताऱ्याला थट्टेची खोड होतीच.

“येशील?”

“हजरत, मी...”

“येशील?” असं म्हणत फकिरांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. त्या वाळक्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. इद्रिसची हनुवटी छातीला टेकली. पगडी चुलीपाशी घरंगळली.

“मुबारक. तू कबूल झालास.”

“मी कुठं? हात तुमचा होता.”

फकीर पुन्हा लसूण सोलू लागले...

इद्रिस मान चोळत बसला. मग त्याला आठवलं. सावलीची मान झुकण्याआधी पडद्यावर एक हात हलला होता. तिची फुफी, म्हणजे आत्या, ओढणी सारखी करत असेल, असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“मी परत जातो. सगळ्या बायकांना बाहेर काढतो आणि माझ्या अम्मीला एकटीला आत पाठवतो. जैतूनच्या तोंडून येईल तेच खरं.”

फकिरांनी नुसती पगडी उचलून त्याच्या हातात दिली.

तो उंबऱ्यापाशी थबकला.

“पण हजरत... ती नाही म्हणाली तर? वऱ्हाड दारात आलंय. पुलाव तयार आहे.”

“मग गरम आहे तोवर वाढून टाका.”