सोडियमची ओसरी

जगात मीठ नव्हतं आणि कुणाच्याच जेवणाला चव नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सोडियम नावाचा एक धातू होता. त्याच्या घराची आतली दालनं इलेक्ट्रॉनांनी भरलेली, पण बाहेरच्या ओसरीवर एकच इलेक्ट्रॉन. त्याची राखण करता करता सोडियमचा जीव मेटाकुटीला यायचा. पाण्याचा थेंब जवळ आला तरी तो भडकायचा.

पलीकडे क्लोरीन राहायची. तिच्या ओसरीवर नेमकी एकाची जागा रिकामी. त्यामुळे ती सदा चिडलेली, दिसेल त्याला झोंबायची.

एक दिवस सोडियम म्हणाला, "माझा इलेक्ट्रॉन मी क्लोरीनला देणार."

शेजारचे कार्बनअण्णा हादरले. "वेडा झालास? आमच्यात असं कुणी देऊन टाकत नाही. दोघांत सामाईक ठेव, म्हणजे तुझा हक्क राहील. नाहीतर तुझ्याकडे उरेल काय?"

"एक डोळा त्याच्यावर ठेवून मला जगायचं नाही, अण्णा. द्यायचा तर पुरता देईन."

आणि त्यानं दिला. लख्ख पिवळा उजेड पडला. क्लोरीन पहिल्यांदाच शांत झाली. "येते हं," म्हणून निघाली, तर पाऊल उचलेना. देणाऱ्यावर धन भार आला होता, घेणारीवर ऋण. कुणी न बांधताच दोघं एकमेकांकडे ओढली गेली. मागोमाग असेच कितीतरी सोडियम, कितीतरी क्लोरीन येऊन बिलगले आणि मिठाचा पहिला खडा चमकला.

अण्णा खड्यापाशी आले. "काय रे, उरलं का काही?"

सोडियमच्या साही अंगांना क्लोरीन होत्या. आतून आवाज आला, "या बघायला म्हटलं असतं, अण्णा. पण जागा कुठाय?"