कासमचा काटा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे अख्ख्या खैरतळ्यात मिळून एकच ट्रॅक्टर होता तेव्हा, तिथे कासम मिस्त्री नावाचा माणूस होऊन गेला. असं म्हणतात, की वैद्यानं नाडी बघावी तशी तो डिझेलच्या नळीवर दोन बोटं ठेवायचा आणि इंजिनाचं दुखणं सांगायचा.

पाडवा नुकताच झाला होता. वच्छलाकाकूंच्या मळ्यात विहीर खोल करायचं काम चाललं होतं. विहिरी खोदणारा यल्लप्पा तळाशी असताना धोंडा सुटला आणि त्याखाली त्याचा पाय अडकला. त्यातच झरा फुटला. एरवी पाणी लागलं म्हणून गूळ वाटला असता. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

काकूंच्याच ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर पंप जोडला. पाणी उतरू लागलं, तोच ट्रॅक्टर आचके देत बंद पडला. लोकांनी झाकण उघडून पाहिलं, तर टाकी भरलेली. झाकण घट्ट लावलं. एकानं फिल्टर धुतला, ट्रॅक्टर चालला. पुन्हा बंद. पुन्हा टाकी पाहिली, दुसऱ्यानं नळीतली हवा काढली. चालला. पुन्हा बंद. टाकी पाहून तिसऱ्यानं नारळ फोडला, तर तेव्हाही चालला! आणि परत बंद पडला. मग काय, जो तो आपलंच औषध खरं म्हणून भांडायला लागला. खाली पाणी यल्लप्पाच्या छातीला लागलं.

त्याची बायको दुर्गव्वा काठावरून ओरडली, "भांडा मागनं! माझा माणूस बुडतोय!"

कोणीतरी कासमला सायकलवर घालून आणलं. त्यानं विचारलं, "औषधं तीन झाली. पण तिन्ही वेळा आधी काय केलंत?"

"टाकी बघितली."

कासमनं झाकण सैल केलं. असं म्हणतात, की टाकीनं एवढा मोठा श्वास ओढला की लिंबाची पानं तिच्याकडे वळली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पाडव्याच्या पूजेत काकूंनी मायेनं थापलेलं ओलं हळदकुंकू त्यात वाळून बसलं होतं. आत हवा नाही, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. टाकी बघायला झाकण उघडलं की हवा आत जायची, तेवढ्यापुरता ट्रॅक्टर चालायचा.

काकू म्हणाल्या, "माझ्या हातनं माणूस जातोय की रे!"

"पूजा चुकली न्हाई काकू, जागा चुकली," कासम म्हणाला. त्यानं बांधावरच्या बाभळीचा काटा मोडला आणि भोक मोकळं केलं. तोवर पाणी हनुवटीला भिडलं होतं.

मग ट्रॅक्टर थांबला नाही. पाणी गुडघ्यावर आलं, माणसांनी पहारीनं धोंडा उचलला आणि यल्लप्पाला वर काढलं. असं म्हणतात, की विहीर कोरडी केल्याशिवाय ट्रॅक्टर बंदच होईना. ते खोटं असेल. यल्लप्पा जगला हे खरं.

आता खैरतळ्यात घरोघरी ट्रॅक्टर आहेत. पाडव्याला चाकाला, बॉनेटला कुंकू लागतं. टाकीचं झाकण मात्र कोरं ठेवतात. त्याच्या भोकातून बाभळीचा काटा फिरवतात, त्याला कासमचा काटा म्हणतात. पहिल्या काट्याचा मान यल्लप्पाच्या घरच्या सुनेचा. ती काटा फिरवते आणि म्हणते, "घे, श्वास घे." तोवर गावात कोणी इंजिन चालू करत नाही.