आतून कडी

“मग कुठला बसवायचा? तेवढं सांगा, उस्ताद. बाकीचं मी सगळं वाचलंय.”

रेवतीच्या हातात चार पानं होती. बाथरूममध्ये कमोडसमोर बादली पालथी घालून दस्तगीर उस्ताद बसले होते आणि पानांकडे बघायलाही तयार नव्हते.

मिरजेत उस्ताद म्हणतात ते गाणाऱ्याला, सतारवाल्याला. नळाच्या मिस्त्रीला उस्ताद म्हणणारी रेवती एकटीच. इंजिनिअरिंगच्या सुट्टीत महिनाभर तिनं त्यांच्या हाताखाली पाइपांना आटे पाडले होते. तेव्हापासून हे नातं. पुढे ती पुण्यात पुलांची कामं बघू लागली, आणि चार महिन्यांपूर्वी वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून मिरजेत, घरी होती.

“ऐका तरी,” ती म्हणाली. “बिडेचे, म्हणजे धुवायच्या फवाऱ्याचे, प्रकार चार. एक, हातात धरायचा स्प्रे. दोन, कमोडच्या आतच बसवलेली तोटी. तीन, सीटखाली चढवायची पट्टी. चार, विजेवरची सीट. गरम पाणी, वारा, रिमोट. माझं मत चौथ्याला आहे.”

“लाइट गेली तर?”

“इन्व्हर्टर आहे.”

“रिमोट पडला तर?”

रेवतीनं पान उलटलं. पडला तर अण्णांना वाकता येत नव्हतं.

उस्तादांनी दाराकडे मान वळवली. चौकटीवर स्क्रूची चार भोकं होती.

“हितली कडी कुटं गेली?”

“मी काढली. आत पडले तर दार उघडणार कसं? डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“हं...”

“हं काय? बरोबरच केलं मी.”

“मी कुटं चूक म्हनालो?”

हेच तिला सोसत नसे. म्हाताऱ्या माणसांना सरळ उत्तर द्यायला काय होतं कोण जाणे! दोन दिवस उशिरा आले, आल्यावर अर्धा तास बादलीवर बसले, आणि विचारतात काय, तर कडी.

“मास्तरांचा चहा गार झालाय,” उस्ताद म्हणाले.

बाहेरच्या खोलीत अण्णा खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. समोर कप तसाच. कुरणे मास्तर म्हणजे चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, आणि चहाचा असा भोक्ता की ब्रशही एकदा कपात बुडवलेला.

“पीतच नाहीत हल्ली. पाणीसुद्धा घोट घोट. भाकरीवाली रोज दोन भाकऱ्या देते, एक माझी, एक त्यांची. त्यांची अर्धी रोज उरते. नऊ किलो उतरलेत. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नळी घालून भरवावं लागेल.” तिचा आवाज चिरकला, तसा तिनं तो लगेच चढवला. “म्हणून तर घाई आहे! हे एक काम तरी उरकू दे. मला तपासण्या बघायच्यात, त्यांचं सगळं करायचंय.”

“सगळं म्हंजे?”

“सगळं. उजवा हात गेल्यावर टमरेल धरणार कोण? मीच धुते. त्यात काय? मला घाण वाटत नाही. बाप आहे माझा.”

उस्ताद उठले. कमोडचं झाकण खाली केलं आणि विजारीसकट त्यावर बसले. खांद्यावरचा पंचा काढून उजवा हात पोटाशी बांधला. दातांनी गाठ आवळली.

मग तिच्याकडे बघून म्हणाले, “ये. धुव.”

रेवती दोन पावलं मागे सरली. कानापर्यंत लाल झाली.

“शरम नाही वाटत तुम्हाला?”

उस्तादांनी पायानं टमरेल तिच्याकडे सरकवलं.

“काय बोलताय तुम्ही, उस्ताद? या वयात! शरम नाही वाटत?”

“मला इचारतीस?”

नळ ठिबकत होता.

रेवतीनं मान वळवली. दारातून बाहेरची खोली दिसत होती. खुर्ची. मांडीवरचा हात. काठोकाठ भरलेला कप, वर साय धरलेली.

खायचं-प्यायचं नाही, म्हणजे इथं यावं लागत नाही... मग हातातली पानं कुठे ठेवावीत ते तिला कळेना.

उस्तादांनी पंचा सोडला. पिशवीतून एक बारीकशी पितळी कडी काढली आणि चौकटीवर बसवली. स्क्रू इतके आखूड की खांद्याचा एक धक्का पुरे. तो धक्का त्यांनी एकदा मारून दाखवला, कडी उपटली, आणि पुन्हा बसवली.

“मास्तर! जरा हिकडं या.”

अण्णा काठी टेकत आले. लेकीच्या नजरेला नजर न देता.

उस्तादांनी त्यांच्या डाव्या हातात खडूचा तुकडा ठेवला. “आत बसा. कडी लावा. डोळं मिटा. डावा हात जिथं आपसूक पडंल, तिथं रेघ वडा.”

“आणि मग?”

“मग काय... तुमची मर्जी.”

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच. आत खडूचाही आवाज नव्हता. रेवतीनं दार वाजवायला हात उचलला.

उस्तादांनी मध्ये पाना धरला.

“पडले तर?” ती कुजबुजली.

“पडलं तर दार ढकल. पडंपर्यंत न्हाई.”

“पण करताहेत काय एवढा वेळ?”

“तू दार लावून काय करतीस, मी इचारलं कधी?”

रेवतीला हसू फुटलं, आणि त्याच दमात डोळेही भरले. तिनं ओढणी तोंडात कोंबली.

कडी निघाली. अण्णा बाहेर आले, बोटं पांढरी झालेली. आत डाव्या भिंतीवर, गुडघ्याच्या जरा वर, खडूची आडवी रेघ होती. नुसती रेघ नव्हती. तिच्यावर एक नळ काढला होता. डाव्या हाताचा, थरथरता, पण छाया दिलेला.

रेवतीच्या पानावर दुसऱ्या प्रकारच्या तोटीचा कॉक उजव्या भिंतीला होता, पुस्तकात दाखवलेल्या उंचीवर.

“चित्रात मूठ गोल आहे,” ती नाक ओढत म्हणाली. “गोल नको. ओला हात घसरेल. लांब दांडीचा घ्या, मनगटानंही ढकलता येईल असा.”

उस्तादांनी पहिल्यांदा तिच्याकडे कौतुकानं बघितलं. “हे बराबर.”

दुपारपर्यंत काम झालं. कमोडच्या आत साधी स्टीलची तोटी, डाव्या भिंतीला लांब दांडीचा कॉक. अण्णांच्या चित्राला धक्का न लावता त्याच्या बरोबर खाली टाइल कापली होती. ना वायर, ना रिमोट.

अण्णा आत गेले. कडी लागली. पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग अण्णांचं ओरडणं.

“अगं!”

रेवती उडालीच. “काय झालं?”

“गार आहे!”

आणि पाठोपाठ हसणं. घोगरं, अडखळतं, चार महिने न वापरलेलं.

बाहेर आले तेव्हा विजारीची नाडी सुटलेली होती. डाव्या हातानं ती धरून ते तसेच खुर्चीपर्यंत गेले. रेवती पुढे झाली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

“तो चहा कुठाय?” अण्णांनी विचारलं.

“ओतला. गार झाला होता.”

“मग नवा ठेव की. आणि चांगला मोठा कप दे, मघाशी काय ती वाटी दिली होतीस!”

अण्णांनी तो कप संपवला. वर तांब्याभर पाणी प्यायले, न थांबता.

उस्ताद पिशवी आवरून फाटकाशी गेले होते. रेवती मागून धावली. हातात तीच चार पानं, चुरगळलेली.

“उस्ताद, एवढं वाचलं मी. एवढं मोजलं. तरी कळलं नाही. आता... आता मी काय करू?”

त्यांनी पानं घेतली. त्या पानांनाच ओला पाना पुसला. नीट घडी घालून तिला परत दिली.

“भाकरीवालीला सांग, एक वाढवायची.”